पिवळे तळवे

मिरजेच्या सिव्हिलमध्ये, स्त्रियांच्या वॉर्डात,
खाट नंबर सतरा.
आम्ही नऊ जण, कडक इस्त्रीचे कोट,
खिशात पुस्तकातून फाडलेली पानं.
आरवाडे मॅडम म्हणाल्या,
सांगा, काय दिसतंय?

मी बोललो. पहिल्यांदा मलाच बोलायचं असायचं.
डाव्या स्तनात गाठ. तळवे पिवळे, म्हणजे कावीळ,
म्हणजे पसरलाय, यकृतात गेलाय, चौथी स्टेज,
आता करण्यासारखं फार काही नाही.
खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बोललो,
मोठ्यानं,
मराठीत.

मॅडम गप्प.
खिडकीबाहेर कुणीतरी जेवणाचे डबे विसळत होतं.
मग म्हणाल्या, बिडवे, डोळे बघितलेस त्यांचे?
वाकलो. ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे.
आता हात हातात घे.
घेतला.
वास घे.

हळद.
सांगलीच्या यार्डातली, पोतं उसवताना अंगावर येणारी,
पॉलिशच्या ड्रममधून उडणारी,
तेवीस वर्षं नखांच्या कडांत मुरलेली,
साबणाला दाद न देणारी हळद.
कोंडाबाई ऐवळे हसल्या.
"लेकरा, ह्यो रंग न्हाई जायचा.
लग्नातली चार दिसांत गेली,
पोटाची ऱ्हायली."

सगळे हसले. मी हात सोडला नव्हता,
सोडायचा कसा ते कळेना.

मॅडमनी स्टूल ओढलं, बसल्या,
गुडघे खाटेला टेकतील इतक्या जवळ.
विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?
बाहेर मुलानं आम्हाला हात जोडले होते,
आईला ते नाव सांगू नका, साधी गाठ म्हणा.

कोंडाबाईंनी पदर सारखा केला.
"पोरगं म्हनतंय, साधी गाठ हाय.
साध्या गाठीला कोल्हापुरास्नं डागदर बोलवत्यात व्हय?
तुमीच सांगा त्येला, आईला म्हाईत हाय म्हनून.
लई दमलंय बिचारं
खोटं बोलून."

व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या,
परीक्षेत माप विचारतील, सेंटीमीटरमध्ये सांगा.
कडा कशा, कातडीला चिकटलीय का, काख तपासली का,
सगळं सांगा, त्यात हयगय नको.
दुसरी स्टेज आहे ही, बिडवे. करण्यासारखं पुष्कळ आहे.
आणि चौथी असती तरी
दुखणं कमी करता येतं, जखमेचा वास कमी करता येतो,
मुलाला एक रात्र घरी झोपायला पाठवता येतं.
ते वाक्य पुन्हा माझ्या वॉर्डात ऐकलं
तर जर्नलवर सही मिळणार नाही.

मॅडम संत नव्हत्या.
त्याच दुपारी एका म्हाताऱ्यावर ओरडल्या,
फाईल घरी विसरला म्हणून.
मग कँटीनमधून त्याच्यासाठी चहा मागवला,
आणि आमच्याकडे बघितलं नाही.

कोंडाबाईंचं ऑपरेशन झालं एवढं कळलं.
माझी पोस्टिंग बदलली, डोळ्यांच्या विभागात.
दोन जिने उतरून विचारायला जायचं
राहून गेलं.
कसं राहून जातं,
हेही तिथंच शिकलो.

आता माझ्यामागं उभे असतात आठ-नऊ कोट.
कुणीतरी असतंच, ज्याला पहिल्यांदा बोलायचं असतं.
मी त्याला थांब म्हणतो
आणि स्टूल शोधायला लागतो.
वॉर्डात स्टूल कधीच जागेवर नसतं,
सलाइनची बाटली, कुणाची पिशवी, कुणाचा नातू
बसलेला असतो त्यावर.
ते सापडेपर्यंत
खाटेवरच्या बाईनं
आम्हाला एकेक करून
नीट तपासून घेतलेलं असतं.